हातांत मूल कीं हातांत यंत्र ?

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडल्या, आणि त्याबरोबरच आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एका नव्या सोहळ्याचा मोसम सुरू झाला. पूर्वी सुटीहून परतलेलें कुटुंब शेजाऱ्यांना आंब्याची करंडी किंवा आमसुलांची पुडी देत असे; आतां तें त्यांना आपलें चित्रण दाखवितें. गेल्या महिन्याभरांत अशा तीन घरीं आम्हांस बोलावणें झालें, आणि तिन्ही ठिकाणीं चहाच्या पेल्याबरोबर भिंतीवरील मोठ्या पडद्यावर तेंच दृश्य आमच्यापुढें वाढण्यांत आलें. निळें पाणी, त्यांत बुडबुड्यांचा लोट, मग रबरी चष्मा लावलेला एक गोबरा चेहरा, फुगविलेले गाल, आणि कॅमेऱ्याकडे पाहून हालविलेला हात! मूल कोणाचें व तलाव कोठला हें कोणी सांगितल्याखेरीज एका घरचें चित्रण दुसऱ्या घरच्या चित्रणाहून निराळें ओळखूं येऊं नये, इतकें तें सारखें होतें.

तिसऱ्या घरीं मात्र एक लहानशी गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेंच हा लेख लिहावा लागत आहे. चित्रण संपल्यावर घरांतील आजीबाईंनीं आपल्या मुलाला सहज विचारलें, "अरे, सगळे दिसले, तूं कुठें रे दिसला नाहींस?" यजमान हंसून म्हणाले, "अगं आई, मीच तर काढत होतों !" त्यावर त्यांची सात वर्षांची कन्या पडद्यावरची नजर न काढतां म्हणाली, "बाबा पाण्यांत नव्हताच. तो कॅमेऱ्यांत होता." सारे हंसले. आम्हीहि हंसलों. परंतु जिना उतरतांना तें वाक्य आमच्या मागें मागें आलें, आणि अद्याप तें गेलेलें नाहीं.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगून टाकतों. पोहावयास शिकणाऱ्या मुलाबरोबर जो मोठा माणूस पाण्यांत उतरतो, त्यानें हातांत कॅमेरा धरूं नये. या विधानाला आम्ही एकहि अपवाद करावयास तयार नाहीं. हें कोणाला हेकेखोरपणाचें वाटेल. परंतु त्याचीं कारणें ऐकून घेतल्यावर मग वाचकांनीं आम्हांस काय म्हणावयाचें तें म्हणावें.

आम्ही यंत्रद्वेष्टे आहों असा समज मात्र कोणीं करून घेऊं नये. पाण्याखालील चित्रणाचा इतिहास हा मानवी चिकाटीचा एक सुंदर इतिहास आहे. १८९३ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्युल्स येथें लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञानें समुद्रतळाचीं छायाचित्रें घेतलीं, तेव्हां एका चित्रासाठीं त्याला कधीं कधीं अर्धा तास यंत्र पाण्यांत स्थिर ठेवावें लागे. आज मुठींत मावणारें यंत्र दर सेकंदाला साठ चित्रें टिपतें, आणि वेगळ्या पेटींत न घालतांहि दहा मीटर खोल जातें. या प्रगतीचें आम्हांस कौतुकच आहे. पण या छोट्या कॅमेऱ्याचा जन्म कशासाठीं झाला हें त्याच्या खरेदीदारांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असतें. अमेरिकेंतील निक वुडमन या तरुणानें २००२ सालीं 'गोप्रो' ही कंपनी काढली, ती लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांना स्वतःचें चित्र घेतां यावें म्हणून; आणि तिनें २००४ सालीं बाजारांत आणलेला पहिला कॅमेरा मनगटाला पट्ट्यानें बांधावयाचा होता. लाटेवर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही हात मोकळे हवेत, ही त्या यंत्रामागची मूळ गरज ! ज्या यंत्राची कल्पना हात मोकळे राहावेत म्हणून निघाली, तेंच आमच्या घरांत शिरतांच आमचा हात अडकवून बसलें. आणि तोहि नेमका पाण्यांत, मुलाच्या शेजारीं, जेथें त्या हाताला दुसरें काम आहे!

कोणी म्हणेल, "मग आम्ही तें कपाळाला बांधूं." बांधावें, परंतु त्यानें हात सुटला तरी मन सुटत नाहीं. चित्रण करणारा माणूस हा क्षणभर तरी दिग्दर्शक होतो. "इकडे बघ", "पुन्हां एकदां उडी मार", "आतां बुडी मार, पण डोळे उघडे ठेव", हीं वाक्यें पोहावयास शिकविणाऱ्याचीं नव्हेत. समुद्रावर तर हा प्रकार अधिकच घातक होतो. सूर्याचा प्रकाश व मागें फुटणारी लाट यांचा मेळ साधावा म्हणून मुलाला समुद्राकडे पाठ करून उभें करणारे आईबाप आम्हीं अलिबागपासून मालवणपर्यंत पाहिले आहेत. समुद्राकडे पाठ फिरवूं नये, हें किनाऱ्यावरच्या कोणत्याहि कोळ्याचें पोर सांगेल. आमचा सुशिक्षित बाप मात्र त्याच्या उलट शिकवितो, कारण मूल लाटेकडे वळलें तर त्याचा चेहरा चित्रांत येत नाहीं !

आतां यंत्राची दृष्टि कशी असते तें पाहूं. या कॅमेऱ्याचें भिंग अतिशय रुंद दृश्य आपल्यांत ओढून घेतें, आणि त्यामुळें दोन हातांवरचें मूल पडद्यावर बरेंच दूर व बरेंच लहान दिसतें. तो पडदाहि दोन-सव्वादोन इंचांचा. त्यावर उन्हाची तिरीप आणि पाण्याचे थेंब. पाण्याखालीं तर सपाट काचेंतून जाणारे किरण वांकून अंतराचा अंदाज आणखीच बिघडतो. ज्याला आपलें मूल किती अंतरावर आहे हें क्षणोक्षणीं कळणें अगत्याचें, त्यानें आपले दोन चांगले डोळे सोडून अंतराविषयीं फसविणारा हा तिसरा डोळा लावून घ्यावा, याला काय म्हणावें ?

आमच्या सुशिक्षित वर्गाची अशी एक भाबडी समजूत आहे कीं, मूल बुडूं लागलें तर तें ओरडेल, हात वर करील, पाणी उडवील, आणि आपल्याला ऐकूं येईल. चित्रपटांत तसें होतें. पाण्यांत तसें होत नाहीं. न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड बीच या समुद्रतीरावर जीवरक्षकाचें काम करणारे फ्रान्चेस्को पिया यांनीं १९७० च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांचें व त्यांना वांचविण्याच्या प्रसंगांचें चित्रण केलें आणि तें पुन्हां पुन्हां पाहून अभ्यासिलें. त्यांतून जें दिसलें तें अंगावर कांटा आणणारें आहे. बुडणारा माणूस सहसा हांक मारीत नाहीं. कारण त्याचें तोंड पाण्याबाहेर असतें तेवढा अवधि श्वास घेण्यासहि अपुरा असतो. तो हात वर करून हालवीत नाहीं. त्याचे हात पाण्याला खालीं दाबीत राहतात. शरीर उभें राहतें, पाय निरुपयोगी होतात, आणि वीस ते साठ सेकंदांत तो पाण्याखालीं जातो. शेजारचा माणूस समजतो कीं हा खेळतो आहे. पुढें १९८४ सालीं याच पियांनीं जीवरक्षक हजर असतांहि माणसें कां बुडतात याचीं तीन कारणें मांडलीं: बुडण्याचीं चिन्हें न ओळखणें, पाहऱ्याच्या कामांत दुसरें काम घुसणें, आणि लक्ष विचलित होणें. ज्याचा धंदाच पाहरा देण्याचा त्याची ही स्थिति. मग तीन्ही दोष ज्यानें पैसे देऊन विकत घेतले आणि पट्ट्यानें हाताला बांधले, त्या हौशी बापाची काय कथा!

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. पियांनींहि कॅमेराच वापरला होता, आणि त्या कॅमेऱ्यानें कित्येकांचे प्राण वांचविणारें ज्ञान दिलें. म्हणूनच आमचें भांडण कॅमेऱ्याशीं नाहीं. पियांचें चित्रण हें पाहण्यासाठीं होतें. आमचें चित्रण हें दाखविण्यासाठीं असतें. पाहण्यांत आणि दाखविण्यांत जें अंतर आहे, तेवढ्यापुरताच आमचा वाद आहे.

हें सर्व आम्ही उंचावर बसून सांगत आहों असें वाचकांनीं समजूं नये. तीन वर्षांपूर्वीं शहरांतील एका तलावावर आम्ही आमच्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलों होतों, आणि आमच्याहि हातांत असाच एक कॅमेरा होता. उथळ भागाचा तळ एका ठिकाणीं उतरता होत जातो. मुलगा चालतां चालतां त्या उताराला लागला. आम्हीं पडद्यावर पाहिलें कीं त्याची मान मागें झाली आहे, तोंड पाण्याच्या रेषेवर आहे, आणि हात पाण्याखालीं खालीं-वर होत आहेत. आम्हांस वाटलें, गडी हात मारूं लागला. इतक्यांत शेजारच्या एका अनोळखी बाईंनीं दोन ढांगांत येऊन त्याला काखेंत धरून वर उचललें. तो खोकला, ओकला, आणि मग रडला. तोंवर त्याच्या तोंडून आवाज निघालेला नव्हता. त्या बाईंनीं आमच्याकडे एकदां पाहिलें, आणि त्या निघून गेल्या. त्यांचें नांव विचारण्याचेंहि भान आम्हांस राहिलें नाहीं. रात्रीं आम्हीं तें चित्रण लावलें. मुलाचें तोंड मागें कलल्यापासून त्या हातानें त्याला उचलीपर्यंत अठरा सेकंद होतात. अठराच्या अठरा सेकंद मूल चित्राच्या अगदीं मधोमध आहे. कॅमेऱ्यानें सर्व पाहिलें, आणि कॅमेऱ्यांतून पाहणाऱ्यानें कांहींच पाहिलें नाहीं. त्या चित्रणांत एक आवाजहि आहे, तो आमचा आहे, आणि तो म्हणतो, "शाबास! अस्संच !"

तें चित्रण आम्हीं पुसून टाकलेलें नाहीं. कॅमेरा मात्र त्यानंतर पाण्यांत नेलेला नाहीं.

आमच्या पिढीच्या आजोबांच्या काळीं पोहणें विहिरीवर शिकवीत. पाठीला वाळका भोपळा नाहीं तर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधावयाचा, कंबरेला दोर, दोराचें टोंक मामाच्या किंवा काकाच्या मुठींत. त्या पद्धतीचा फाजील गौरव आम्ही करीत नाहीं. कित्येक मामांनीं भित्र्या पोरांना वरून ढकलून देऊन त्यांच्या मनांत पाण्याची जन्माची धास्ती बसविली. मुलींना तर त्या विहिरीच्या पायऱ्याहि वर्ज्य होत्या. आणि विहिरींनीं बळीहि घेतले. परंतु त्या दोरांत एक गोष्ट होती. मुलाचा प्रत्येक झटका मामाच्या तळहाताला कळे, आणि मामाचा हात सैल झाला कीं घट्ट झाला हें मुलाच्या कंबरेला कळे. पोहणें शिकणें म्हणजे काय ? पाण्यावर विश्वास टाकावयास शिकणें. तो विश्वास मूल प्रथम पाण्यावर टाकीत नाहीं. पोटाखालीं धरलेल्या हातावर टाकतें. मग एके दिवशीं तो हात हळूच निघून जातो, आणि मूल तरंगत राहतें. हा हात काढून घेण्याचा क्षण ज्यानें अनुभविला, त्याला त्याचें चित्र लागत नाहीं. आणि ज्यानें हात कधीं दिलाच नाहीं, त्याला तो काढून घेतां येत नाहीं.

"पण आठवण म्हणून तरी कांहीं राहावें कीं नाहीं ?" हा आमच्यावर येणारा सर्वांत मोठा आक्षेप, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परदेशीं असलेल्या आत्याला, गुडघ्यांनीं खाटेला खिळलेल्या आजोबांना नातवाचें पोहणें पाहावयास मिळालें तर त्यांना किती धन्यता वाटेल, हें आम्ही जाणतों. परंतु चित्र घेतल्यानें आठवण वाढते, हें मात्र वाटतें तितकें खरें नाहीं. अमेरिकेंतील फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संग्रहालयांतील ज्या वस्तूंचीं प्रेक्षकांनीं छायाचित्रें घेतलीं, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षां कमी आठवल्या. मात्र ज्यांनीं वस्तूचा एखादा भाग जवळून निरखून टिपला, त्यांच्या स्मृतीस अशी तूट आली नाहीं. याचा अर्थ असा कीं, स्मृति ही लक्षाची लेक आहे. लक्ष यंत्राला दत्तक देऊन स्मृति मात्र आपल्या घरीं नांदेल, ही आशा फोल आहे. शिवाय या आठवणींचें पुढें होतें काय ? तासन्‌तासांचीं चित्रणें साठवणीच्या चकत्यांत पडून राहतात. आम्हांस बोलाविलेल्या तीन घरांपैकीं एकाहि घरीं मागच्या वर्षींचें चित्रण कोणीं लावलें नाहीं.

शेवटचा मुद्दा मुलाच्या अब्रूचा. हा शब्द ऐकून कांहींना हंसूं येईल. परंतु मुलाला अब्रू नसते असें मानणें हेंच आमच्या कुटुंबसंस्थेचें एक जुनें व्यंग आहे. पोहण्याच्या तोकड्या कपड्यांतील, नाकांतोंडांत पाणी जाऊन कावराबावरा झालेला, प्रसंगीं भीतीनें किंचाळणारा मुलगा किंवा मुलगी आज आईबापांच्या एका बोटाच्या स्पर्शानें हजारो अनोळखी डोळ्यांपुढें जाते. दहा वर्षांनंतर त्या मुलीला आपलें तें रूप जगानें पाहावें असें वाटेल काय, हें तिला कोणीं विचारलें ? फ्रान्सनें फेब्रुवारी २०२४ मध्यें खास कायदा करून, मुलाच्या प्रतिमेवरील त्याच्या हक्काचें रक्षण करणें हें आईबापांचें कर्तव्य ठरविलें, आणि मुलाचें वय व समज पाहून त्याला त्यांत सामील करून घ्यावें असें सांगितलें. कायद्याची वाट आम्हीं कां पाहावी ? ज्या घरांत पाहुण्यांपुढें मुलाला रागें भरूं नये असा दंडक आहे, त्या घरांत पाहुणे नसलेल्या सबंध जगापुढें त्याला अर्धवस्त्र उभें करूं नये, एवढें समजावयास कायदा कशाला हवा ?

मुलांना हें कळत नाहीं असेंहि नाहीं. सप्टेंबर २०१८ मध्यें जर्मनींतील हॅम्बुर्ग शहरांत लहान मुलांनीं चक्क मोर्चा काढला. आईबापांनीं हातांतील मोबाईल खालीं ठेवून आमच्याशीं खेळावें, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच वर्षीं तेथील जीवरक्षकांच्या संस्थेनेंहि, पालकांचें लक्ष मोबाईलकडे असतें व मुलांकडे नसतें, असा जाहीर इशारा दिला. पाहरेकरी आणि पाहऱ्यांतलीं मुलें, दोघेहि एकच गोष्ट सांगत असतां मधल्या आईबापांनाच ती ऐकूं येऊं नये ना ! आणि ही लुटुपुटूची गोष्ट नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें तीन लाख माणसें बुडून मेलीं, आणि त्यांतलीं जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील मुलें होतीं.

मग करावें काय ? आमच्या सूचना चारच आहेत, आणि त्यांपैकीं एकीलाहि पैसा लागत नाहीं. पहिली: मूल पाण्यांत असेतोंवर घरांतील एका मोठ्या माणसाकडे पाहण्याखेरीज दुसरें काम असूं नये, तो हाताच्या अंतरावर असावा, आणि त्याला थकवा आला तर तोंडानें सांगून त्यानें पाळी दुसऱ्याला द्यावी. "सगळे आहेत ना लक्ष ठेवायला" याचा अर्थ बहुधा कोणीच नाहीं असा होतो. दुसरी: चित्रण हवेंच असेल तर तें तिसऱ्या माणसानें करावें, कांठावर उभें राहून, आणि दहा मिनिटांत आटपावें. तिसरी: चित्रण प्रथम मुलाला दाखवावें. पाय कोठें वांकतो, मान कोठें उचलली जाते, हें त्याला त्यांतून शिकतां येतें. कॅमेऱ्याचा हा उपयोग आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. चौथी: मुलानें 'नको' म्हटलेलें चित्र घराबाहेर जाऊं नये, आणि तोकड्या वस्त्रांतलें तर त्यानें 'हो' म्हटलें तरीहि जाऊं नये.

इतकें सांगूनहि आमच्या म्हणण्यांत अतिशयोक्ति आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांच्याशीं आम्ही वाद वाढवीत नाहीं. त्यांनीं एवढेंच करावें. गेल्या सुटींतलें आपलें चित्रण आज रात्रीं पुन्हां लावावें. पण या खेपेस मुलाच्या हंसऱ्या चेहऱ्याकडे पाहूं नये. हातांत घड्याळ घ्यावें, आणि त्या मुलाच्या हातभर अंतरावर दुसरें कोणी मोठें माणूस नाहीं, असे सेकंद मोजावेत. आमच्याकडे ते अठरा भरले.